घरघर

फियाटवाला गॅरेजात येऊन "चाचा, खालून घरघर येते" म्हणाला की चाचांचा पहिला सवाल ठरलेला असे. "आंबा घाट चढताना येते की उतरताना?" गिऱ्हाईक गोंधळून म्हणे, "दोन्हीकडे." मग चाचा माझ्याकडे वळत. "घे रे जॅक. सेंटर बेअरिंग गेलं."

१९७९ साली दहावीला गणितात उडालो आणि रत्नागिरीतल्या या गॅरेजात पाने पुसायला लागलो. चाचा आधी एस.टी.च्या कार्यशाळेत होते. त्यांचं निदान कानावर चाले. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की आवाज बदलतो, तर संशय डिफरन्शियलवर. गाडी न्यूट्रलमध्ये उतारावर सोडली, इंजिनाचा जोर काढून घेतला, तरी वेगाबरोबर घरघर वाढते, तर मधलं बेअरिंग. निघताना पायाखाली थरथर असेल, तर त्याचं रबरही फाटलेलं.

मधलं का, हे मला चाचांनी आंब्याच्या दिवसांत समजावलं. फियाटचं इंजिन पुढे आणि ओढणारी चाकं मागे. मधलं अंतर एकाच नळीने, म्हणजे शाफ्टने, जोडलं तर ती वेगात डोलू लागते. "झेल्याचा लांब बांबू हातात घेऊन फिरव, मग कळेल," चाचा म्हणाले. पुढे एका इंजिनिअर गिऱ्हाइकाने हिशेब सांगितला. नळीची लांबी दुप्पट केली, तर ज्या वेगाला ती डोलायला लागते तो वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून नळीचे दोन तुकडे करायचे आणि जोडाजवळ बेअरिंग बसवून ते रबरात, गाडीच्या पोटाला टांगायचं. एस.टी.च्या बसला आणि ट्रकलाही हीच रचना, फक्त अंगाने मोठी. चाचांचा हात त्यावरच बसला होता.

तुकडे वाकत्या कोनात फिरवणारा जो सांधा, त्याला आम्ही 'क्रॉस' म्हणतो. त्याची वंशावळ फियाटपेक्षा पुष्कळ जुनी. सोळाव्या शतकातल्या जेरोलामो कार्डानो या इटालियन पंडिताचं नाव त्याला चिकटलं, म्हणून युरोपात अजून कार्डन शाफ्ट म्हणतात. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला. कोनात चालणारा असा एकच सांधा असला तर पलीकडचा दांडा एकाच फेरीत कधी जलद, कधी सावकाश फिरतो. जोडीला दुसरा सांधा नीट रेषेत बसवला की एकाची चूक दुसरा भरून काढतो. १९०३ मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरने मोटारीसाठी या सांध्याचं पेटंट घेतलं आणि साखळीवर चालणाऱ्या गाड्यांचे दिवस भरले.

आमच्यापर्यंत हा सांधा आला वालचंद हिराचंदांमुळे. सोलापूरच्या या माणसाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० जुळू लागली. १९६४ पासून ती 'डिलाइट' झाली, सत्तरीत 'पद्मिनी'. नाव काहीही असो, रत्नागिरीत ती फियाटच. डॉक्टरांची, वकिलांची, आंब्याच्या बागायतदारांची आणि टॅक्सीवाल्यांची.

पण गाडी आली तरी तिचे पार्ट कुठून यायचे? मुंबईची आगबोट पावसाळ्यात बंद असायची आणि पुढे तर कायमचीच गेली. रेल्वे कोल्हापूरला १८९१ मध्ये पोचली, रत्नागिरीत मात्र कोकण रेल्वे मुंबईपासून सलग धावायला १९९८ उजाडलं. म्हणजे माझी उमेदवारी सरून गॅरेज माझ्या हाती येईपर्यंत आमचा सगळा धंदा रस्त्यावर टांगलेला. बेअरिंग मुंबईच्या ऑपेरा हाऊसकडच्या दुकानांतून एस.टी.च्या पार्सलने यायचं. लेथवर काही घडवून घ्यायचं तर आंबा घाट चढून कोल्हापूरचं उद्यमनगर गाठायचं. जाऊन येऊन अडीचशे किलोमीटरच्या वर. दरड कोसळली की गाडी आमच्या अंगणात, मालक घरी.

त्यामुळे चाचा काहीही सहज टाकत नसत. रबर शाबूत असेल तर फक्त आतलं बेअरिंग बदलत. काढलेलं बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन बोटावर फिरवत, कानाशी नेत. कधी त्यात गोळ्या झिजलेल्या निघत, कधी नुसता गंजाचा लगदा. कोकणात ते मरायचं पाण्याने. पावसात मोऱ्या वाहत, गाडी लाल पाण्यातून काढावी लागे, जांभ्याची माती सीलच्या फटीतून आत शिरे आणि ग्रीस धुऊन जाई. त्यात समुद्राची खारी हवा. मे महिन्यात डिकीत आंब्याच्या पेट्या, टपावरही पेट्या. मागचा भाग बसला की सांध्यांचे कोन बदलत आणि मधल्या रबरावर ताण येई.

आमचा खरा हंगाम गणपतीचा. चाकरमानी मुंबईहून कशेडी आणि परशुराम घाट ओलांडून, पोरंबाळं आणि सामान कोंबून येत. चतुर्थीच्या आदल्या रात्री दारात चार फियाट उभ्या. प्रत्येकाची एकच विनवणी, "चाचा, मूर्ती आणायचीय." पेट्रोमॅक्सच्या उजेडात आम्ही शाफ्ट उतरवलेले आहेत.

अशाच एका रात्री मी घोळ घातला. शाफ्ट सोडण्याआधी जोडाच्या दोन्ही बाजूंना पंचाने खूण करायची असते, म्हणजे तुकडे पुन्हा त्याच जागी बसतात. घाईत मी ती केलीच नाही. पुलरने जुनं बेअरिंग ओढलं, नवं पाइपच्या तुकड्याने सरळ ठोकून बसवलं, ब्रॅकेट आवळलं. सगळं चकाचक. गाडी हातखंब्यापर्यंत गेली आणि परत आली. घरघर गेली होती, पण आता सगळी गाडीच थडथडत होती. मी दोन्ही टोकं रेषेतून चुकवून बसवली होती. चाचा ओरडले नाहीत. शाफ्ट पुन्हा उतरवायला लावला आणि म्हणाले, "नवं बेअरिंग तुझी चूक पोसणार नाही." हूकचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. त्याने मांडलेलं गणित मात्र त्यांच्या हातात होतं. दहावीला ज्यात उडालो तो विषय मी असा शिकलो.

मग १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचं इंजिनही पुढे आणि ओढणारी चाकंही पुढेच. पोटाखाली लांब शाफ्टच नाही, तर मधलं बेअरिंग कुठलं? पुढच्या बहुतेक लहान गाड्या त्याच वाटेने गेल्या. विसावं शतक संपता संपता पद्मिनी बनायची थांबली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली. आमच्या तऱ्हेच्या गॅरेजला घरघर लागली ती त्याच्या कितीतरी आधी. आता पार्ट दोन दिवसांत घरपोच येतो, तोही बेअरिंग, रबर, ब्रॅकेट सगळं एकत्र. नुसतं आतलं बेअरिंग मागितलं तर काउंटरवरचा पोरगा तोंडाकडे बघतो. ट्रक आणि बसच्या पोटात सेंटर बेअरिंग आजही आहे, त्यामुळे काम संपलेलं नाही. कानावर निदान करणारे मात्र बोटावर मोजण्याइतके उरले.

रत्नागिरीत अजून काही जणांनी वडिलांची फियाट झाकून ठेवली आहे. त्यांना माझं एवढंच सांगणं. बेअरिंग बदलायची वेळ आली, की ब्रॅकेटचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी करून आवळायला सांगा. आणि मिस्त्री कितीही नावाजलेला असो, शाफ्टला खूण केल्याशिवाय त्याला पाना लावू देऊ नका.