सुरतेची संकर-४ : कपाशीच्या पहिल्या संकरित वाणामागचे हात (थ्रेड)

१९७० साली सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रातून ‘संकर-४’ हा वाण बाहेर पडला. व्यापारी लागवडीसाठी आलेला कपाशीचा हा जगातील पहिला संकरित वाण. त्याचे जनक डॉ. सी. टी. पटेल.

संकरित पिढी जोमदार निपजते, हे कपाशीबाबत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ठाऊक होते. अडचण होती ती फुलाची. मक्याचा तुरा शेंड्याला, कणीस खाली. तुरा खुडला की निम्मे काम झाले. कपाशीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. म्हणजे संकर हाताने, एकेका फुलावर करावा लागणार. मजुरी महाग असलेल्या अमेरिकेत हा मार्ग परवडणारा नव्हता.

पटेलांनी नेमका तोच धरला.

‘गुजरात-६७’ ही मादी. ‘अमेरिकन नेक्टरीलेस’, म्हणजे मधुग्रंथी नसलेला अमेरिकी वाण, हा नर. उद्या उमलणारे पाते सायंकाळी हेरायचे, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी सोलून काढायची, उघडे पडलेले स्त्रीकेसर झाकायचे. सकाळी नराचे फूल आणून त्याचे पराग त्यावर फिरवायचे, देठाला खुणेचा दोरा बांधायचा. इतके करून हाती येणार एक बोंड, त्यात दोन-तीन डझन सरक्या. मग पुढचे पाते.

हे काम मुख्यतः स्त्रियांनी केले. वाणाच्या इतिहासात पैदासकाराचे नाव राहते, त्यांची नाही. पुढे खाजगी बीजोत्पादन वाढले तेव्हा आंध्र आणि गुजरातच्या बीजप्लॉटांवर लहान मुलीही मोठ्या संख्येने राबल्या; स्वस्त मजुरीवर उभ्या राहिलेल्या तंत्राची ही किंमत संशोधनाच्या कौतुकात क्वचितच मोजली जाते.

दुसरा बदल शेतकऱ्याच्या घरात झाला. सरळ वाणाची सरकी राखून पुढल्या वर्षी पेरता येई. संकरिताची पेरली, तर पुढल्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत आणि जोमही ओसरतो. बियाणे दरसाल विकत घेणे आले.

ऐंशीच्या दशकात नांदेडच्या केंद्राचा ‘एनएचएच-४४’ मराठवाडा-विदर्भात ‘नांदेड-४४’ म्हणून घरोघरी पोहोचला, तोवर ही सवय अंगवळणी पडली होती. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, ती जालन्याच्या महिकोच्या तीन संकरित वाणांना. अमेरिकेत तोच गुणधर्म सरळ वाणांत आला होता.