हिस्टामीन-मुक्ती व औषधजन्य प्रतिक्रिया

ऊतकांतील मास्ट कोशिका व रक्तातील बेसोफिल कोशिका यांत साठविलेले हिस्टामीन एकदम बाहेर पडण्याच्या क्रियेस हिस्टामीन-मुक्ती म्हणतात. औषध घेतल्यावर अंगावर गांधी उठणे, लाली, खाज, श्वासनलिकांचे आकुंचन व रक्तदाब एकाएकी उतरणे ही लक्षणे बऱ्याच अंशी तिच्यामुळे उद्‌भवतात.

इतिहास : मास्ट कोशिकांचे वर्णन पाउल एर्लिख यांनी १८७८ मध्ये केले, तथापि त्यांचे कार्य दीर्घकाळ अज्ञात राहिले. १९०२ मध्ये शार्ल रीशे व पॉल पॉर्त्ये यांना असे आढळले की, समुद्रपुष्पाचे विष एकदा सहन केलेला कुत्रा काही आठवड्यांनंतर तेच विष अल्प मात्रेत दिल्यास दगावतो. या घटनेस त्यांनी ॲनाफिलॅक्सिस (तीव्रग्राहिता) हे नाव दिले. हिस्टामिनाचे संश्लेषण १९०७ मध्ये झाले. १९१० मध्ये हेन्‍री डेल व पी. पी. लेडलॉ यांनी त्याच्या परिणामांचे तीव्रग्राहितेशी असलेले साम्य दाखविले. १९२७ मध्ये डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ताज्या यकृतातून व फुप्फुसांतून हिस्टामीन वेगळे केल्यावर ते शरीरातीलच घटक असल्याचे सिद्ध झाले. मास्ट कोशिका हे त्याचे प्रमुख कोठार असल्याचे जे. एफ. रायली व जी. बी. वेस्ट यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले.

दोन मार्ग : पेनिसिलिनाच्या तात्काळ ॲलर्जीत पूर्वसंपर्कामुळे तयार झालेली आयजीई प्रतिपिंडे मास्ट कोशिकांना उद्दीपित करतात. या प्रतिपिंडांचा शोध १९६६-६७ च्या सुमारास लागला. याउलट मॉर्फीन, ट्युबोक्युरारीन व व्हँकोमायसीन ही औषधे प्रतिपिंडांवाचून, पहिल्याच मात्रेनेही हिस्टामीन मुक्त करू शकतात. अशा अनेक क्षारकीय द्रव्यांचा हा गुणधर्म एफ. सी. मॅकिंटॉश व विल्यम पेटन यांनी १९४९ मध्ये वर्णिला. त्यांपैकी कित्येक औषधे मास्ट कोशिकांवरील एमआरजीपीआरएक्स-२ या ग्राहीमार्फत कार्य करतात, हे २०१५ मध्ये स्पष्ट झाले.

महत्त्व : बाह्य लक्षणे सारखी असली, तरी हा भेद रुग्णाच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. खऱ्या ॲलर्जीत ते औषध सामान्यतः वर्ज्य करावे लागते. व्हँकोमायसिनाने केवळ लाली व खाज आल्यास मात्र ते अधिक सावकाश शिरेतून देऊन उपचार बहुधा चालू ठेवता येतो. अशा रुग्णावर ॲलर्जीचा शिक्का बसल्यास उपयुक्त औषध त्यास विनाकारण कायमचे नाकारले जाते. १९३७ मध्ये दान्येल बॉव्हे व ॲन-मारी स्टाउब यांनी प्रथम वर्णन केलेली हिस्टामीनरोधके खाज व गांधी कमी करतात. पण तीव्रग्राहितेत ती पुरेशी नसतात. तेथे, कारण कोणतेही असो, मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलीन तत्काळ टोचणे हाच पहिला उपचार होय.