सायकल प्रशिक्षण आणि रस्ता सुरक्षेची सामायिक जबाबदारी

रस्त्यावरील सायकलस्वाराच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे ब्रिटनने दोन भागांत उत्तर दिले आहे. सायकलस्वाराने वाहतुकीत वावरण्याचे रीतसर शिक्षण घ्यावे, हा त्याचा पहिला भाग. तर ज्याच्या वाहनामुळे अधिक हानी होऊ शकते, त्याने अधिक जबाबदारी स्वीकारावी, हा दुसरा.

शाळकरी मुलांना सायकल प्रशिक्षण देऊन त्यांची परीक्षा घेण्याची पद्धत ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. इंग्लंडमध्ये २००७ पासून ‘बाइकेबिलिटी’ हा कार्यक्रम राबवला जातो. त्याच्या पहिल्या स्तरात वाहतुकीपासून दूर, मोकळ्या जागेत तोल सांभाळणे, ब्रेक लावणे, मागे वळून पाहणे आणि हाताने इशारा देणे शिकवले जाते. दुसऱ्या स्तरात कमी रहदारीच्या रस्त्यांवर, तर तिसऱ्या स्तरात गजबजलेल्या रस्त्यांवर व मोठ्या चौकांत सराव होतो.

सायकल रस्त्याच्या कोणत्या भागातून चालवावी, याला या प्रशिक्षणात विशेष महत्त्व आहे. अगदी कडेने जाणारा सायकलस्वार मागील चालकाच्या सहज नजरेस पडत नाही. उभ्या मोटारीचे दार अचानक उघडल्यास त्यावर आदळण्याचा धोकाही असतो. त्यामुळे शांत रस्त्यांवर तसेच चौकाजवळ येताना मार्गिकेच्या मध्यभागातून जाण्यास शिकवले जाते.

मात्र, सायकलस्वार कितीही कुशल असला, तरी त्याला खेटून जाणाऱ्या ट्रकवर त्याचे नियंत्रण नसते. ही उणीव दूर करण्यासाठी ‘हायवे कोड’ या वाहतूक नियमावलीत २९ जानेवारी २०२२ पासून बदल लागू करण्यात आले. त्यात रस्ता वापरणाऱ्यांची उतरंड निश्चित करण्यात आली असून, सर्वाधिक धोका असलेले पादचारी अग्रस्थानी आहेत. ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरपर्यंतच्या वेगात सायकलस्वाराला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावे, वेग अधिक असल्यास अंतरही वाढवावे, असे नियमावली सांगते. मोटारीचे दार त्या बाजूच्या नव्हे, तर विरुद्ध हाताने उघडावे, असाही सल्ला आहे. त्यामुळे उघडणाऱ्याची मान आपोआप मागे वळते आणि येणारी सायकल दिसते. सायकलस्वारालाही सूट नाही. पादचाऱ्यांना धोका होणार नाही, याची काळजी त्याने घ्यायची आहे.

भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक दुचाकीस्वार आणि पादचारी होते. पादचारी, सायकलस्वार, मुले व वृद्ध यांच्या सुरक्षिततेची विशेष दक्षता घेणे, हे वाहनचालकाचे कर्तव्य असल्याचे २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत नमूद आहे. म्हणजे अधिक जबाबदारीचे तत्त्व भारतीय नियमांतही आहे. सायकलसाठी मात्र परवाना लागत नाही. त्यामुळे परवान्याच्या परीक्षेनिमित्त होणारी वाहतूक नियमांची ओळखही सायकलस्वाराला होत नाही. शाळेतील प्रशिक्षण ही उणीव भरून काढू शकते. परंतु त्यामुळे वाहनचालकाचे कर्तव्य कमी होत नाही. शिकलेल्या सायकलस्वारालाही रस्त्यावर पुरेशी जागा द्यावीच लागते.