पटकीची साथ आणि बनगावची पिंपे

संकटकाळी पुढारी हवा असे आपण म्हणतो, तेव्हा हुकूम सोडणारा सेनापतीच डोळ्यांपुढे येतो. सन १९७१ मध्ये पश्चिम बंगालच्या सीमेवर बनगाव येथे जे घडले, ते या चित्रात बसत नाही.

पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित आले आणि छावण्यांत पटकी शिरली. कलकत्त्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रातले डॉ. दिलीप महालनबीस बनगावच्या इस्पितळात पोहोचले, तेव्हा दोन खोल्यांत रोगी जमिनीवरच पडलेले. शिरेतून सलाईन द्यायचे तर त्यांच्या ओकारी-जुलाबांतच गुडघे टेकावे लागत. सलाईन अपुरे, आणि ते देण्यात तरबेज असे पथकात दोघेच! ही लढाई आपण हरत आहोत, हे त्यांनी दोन दिवसांत ओळखले.

साखरेच्या सोबतीने आतडे मीठ शोषते व मिठामागून पाणी जाते, हे तोवर ठाऊक होते. १९६८ साली ढाक्यात तसे उपचार यशस्वीही झाले होते. पण डॉक्टरांच्या नजरेखाली. महालनबीसांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे प्रमाण धरले. कलकत्त्याच्या केंद्रातील ग्रंथालयाच्या खोलीत पुड्या भरून तापल्या इस्त्रीने बंद होऊ लागल्या (ग्रंथालयाचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही!). बनगावला १६ लिटरच्या पिंपांत द्रावण तयार होई.

आणि ते पाजायचे कोणी? आयांनी, भावांनी, सोबत्यांनी. डॉक्टरांनी सलाईन अगदी गलितगात्र झालेल्यांसाठी राखले आणि उरलेले काम नातलगांच्या हाती सोपविले. मला यातले धैर्य मोठे वाटते. चूक झाली असती, तर दोष त्या आयांवर नव्हे, महालनबीसांवर आला असता.

आरंभी शंभरांत तीसजण दगावत. द्रावण सुरू झाल्यावर सुमारे ३,७०० रोग्यांत हे प्रमाण शेकडा ३.६ वर आले. तरीही वैद्यकविश्वाची शंका लवकर फिटली नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ मात्र बनगाव पाहून गेले आणि या उपायाचे पुरस्कर्ते झाले. आपल्याकडे दवाखान्यात 'जलसंजीवनी' म्हणून मिळते, ती याच कुळातली पुडी. महालनबीस २०२२ साली वारले. पद्मविभूषण २०२३ मध्ये, मरणोत्तर.

बनगावात लोकांना ते नुसते मीठ-साखरेचे पाणी वाटू नये, म्हणून पथकाने त्याला 'तोंडाने घ्यायचे सलाईन' म्हटले. सलाईन हा शब्द लोकांच्या ओळखीचा होता. ते पिऊ लागले.