ग्वाल्हेरला न आलेली महाराणी

बाहेरगावचे पाहुणे आले की आम्ही ग्वाल्हेरकर त्यांना गूजरी महाल दाखवतो आणि राजा मानसिंह व मृगनयनीची प्रेमकथा रंगवून सांगतो. शिंदे घराण्याशी संबंधित दुसरी एक प्रेमकथा मात्र आपल्या घरांत क्वचितच निघते. कारण सरळ आहे, तिच्यात ग्वाल्हेरला नकार मिळाला आहे.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड व महाराणी चिमणाबाई यांची एकुलती एक कन्या इंदिराराजे, जन्म १८९२ चा. त्यांचा विवाह आपल्या माधवराव महाराजांशी ठरला. दोन्ही घराणी मराठा आणि तोलामोलाची. महाराज वयाने पंधरा वर्षांनी मोठे होते. थोरल्या महाराणी चिंकूराजे होत्या, पण गादीला वारस नव्हता.

डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबार भरला. तेथे कूचबिहारचे धाकटे राजकुमार जितेंद्रनारायण यांच्याशी इंदिराराजेंचा स्नेह जुळला. त्यांनी आई-वडिलांना न विचारता थेट माधवराव महाराजांना पत्र लिहून लग्नास नकार कळवला. पत्राचा अर्थ काय, अशी विचारणा करणारी तार ग्वाल्हेरहून बडोद्यास गेली, तेव्हा कुठे घरच्यांना हा प्रकार समजला!

विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते, मुलींसाठीसुद्धा. चिमणाबाईंचे स्त्रियांच्या स्थितीवरील पुस्तक १९११ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तरी स्वतःच्या मुलीची निवड त्यांना मानवली नाही. अखेर २५ ऑगस्ट १९१३ रोजी लंडनमध्ये विवाह झाला, तो आई-वडिलांच्या गैरहजेरीत. थोड्याच दिवसांत थोरल्या भावाच्या निधनामुळे जितेंद्रनारायण गादीवर आले. १९२२ मध्ये तेही गेले आणि पाच मुलांच्या या आईने कूचबिहारचा कारभार सांभाळला.

इकडे माधवराव महाराजांचा विवाह गोव्याच्या राणे घराण्यातील गजराराजेंशी झाला. कमलाराजे आणि १९१६ मध्ये जिवाजीराव ही त्यांची अपत्ये. आज आपल्या मुली ज्या कमलाराजा महाविद्यालयात आणि गजराराजा मेडिकल कॉलेजात शिकतात, ती नावे ह्याच मायलेकींची. १९४१ मध्ये जिवाजीरावांनी सागरच्या लेखा दिव्येश्वरीदेवींशी विवाह केला. मुलगी मराठा नाही म्हणून सरदार मंडळी नाराज झाली. त्याच पुढे आपल्या राजमाता विजयाराजे झाल्या. आणीबाणीत त्या आणि इंदिराराजेंच्या कन्या गायत्रीदेवी, दोघींनाही तिहार तुरुंगात राहावे लागले. जे नाते १९११ नंतर तुटले, त्याच्या पुढच्या पिढीतल्या या दोन स्त्रिया एकाच तुरुंगात होत्या.

आम्ही सरकारी नोकर, इतिहासाचे पंडित नव्हे. ही गोष्ट आम्हांस आठवली ती घरच्या प्रसंगामुळे. आमच्या कुटुंबातील एका मुलीने साखरपुड्यानंतर नकार दिला. चार दिवस घरात कोणी नीट जेवले नाही. सर्वांचा एकच प्रश्न होता, लोक काय म्हणतील? पत्रिका जुळवल्या, मानपान ठरवला, हॉलची विसार रक्कम भरली. फक्त मुलीला मोकळेपणाने विचारायचे राहून गेले होते. ते एक पत्र लिहायला बडोद्याच्या राजकन्येलाही किती धीर लागला असेल! आपल्या मुलींना एवढा धीर करावा लागू नये, त्यांना आधीच विचारले जावे, एवढेच मागणे यंदा बाप्पाच्या चरणी.