बुलेट, फिटर आणि लांबचा रस्ता

आज 'बुलेट' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती जड अंगाची, संथ ठोक्यांची, स्वतःच्या चालीने जाणारी गाडी. गावात सरपंचांची, छावणीत डीआरची, म्हणजे डिस्पॅच रायडरची. तिला वेगाची गाडी कोणी म्हणणार नाही. पण १९३२ साली इंग्लंडमधल्या रेडिच इथे रॉयल एनफिल्डने हे नाव प्रथम वापरलं, ते आपल्या स्पोर्ट्स मोटरसायकलसाठी. वेगासाठी जन्मलेली ही गाडी आपल्याकडे लांब पल्ल्याची गाडी कशी झाली, हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. कारण तरुण कॅप्टन असो की पेन्शनीत गेलेले सुभेदारसाहेब, सगळे मला एकच विचारतात: "सर, लांबच्या प्रवासाला कोणती घेऊ?" सध्या पोस्टिंग चेन्नईला आहे, आणि या प्रश्नाच्या उत्तराचा बराचसा भाग याच शहरात घडला आहे.

सुरुवात युद्धानंतरच्या बुलेटपासून करू. १९४८ साली इटलीतल्या सॅन रेमो इथे आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची चाचणी स्पर्धा झाली. ब्रिटिश संघात दोन नव्या ३५० सीसी बुलेट होत्या आणि दोन्ही स्वारांनी सुवर्णपदक मिळवलं. त्या काळी बहुतेक गाड्यांचं मागचं चाक चौकटीला घट्ट बांधलेलं असे, धक्का सरळ पाठीच्या कण्यात. नव्या बुलेटला मागे स्विंगआर्म आणि शॉकॉप्सर होते. स्विंगआर्ममुळे खराब रस्त्यावर चाक जमिनीला धरून राहतं, स्वार कमी थकतो आणि गाडीचे नटबोल्ट कमी ढिले होतात. या स्पर्धेची अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाटेत काही बिघडलं तर स्वारानेच, सोबतच्या हत्यारांनी दुरुस्त करायचं. म्हणजे जिंकायला नुसता वेग पुरत नव्हता.

त्याच सुमारास आपल्या सैन्याची अडचण वेगळी होती. स्वातंत्र्यानंतर हाती उरलेल्या मोटरसायकली महायुद्धातल्या होत्या: नॉर्टन १६एच, बीएसए एम२०. दणकट खऱ्या, पण साइड-व्हॉल्व्ह इंजिनाच्या, जुन्या घडणीच्या. पश्चिमेकडे नवी, लांबलचक सीमा तयार झाली होती. गस्त होती, डाक होती आणि रस्ते बहुतेक नावापुरते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सैन्यासाठी ३५० सीसी बुलेट निवडली गेली. मद्रास मोटर्स ही कंपनी त्या रेडिचहून आणत होती. मग १९५५ मध्ये दोघांच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि मद्रासच्या उत्तरेला, एन्नोरच्या वाटेवर, तिरुवोट्टियूरला कारखाना निघाला. आधी सुटे भाग आणून गाड्या जोडल्या जात. पुढे साचे आणि यंत्रसामग्रीही आली, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बुलेट जवळजवळ पूर्णपणे इथेच बनू लागली.

सैन्याने गाडी घेणं म्हणजे नुसती गाडी घेणं नव्हे, हे गणवेशातल्या वाचकांना सांगायला नको. गाडीमागोमाग सुट्या भागांची यादी येते, प्रत्येक भागाला क्रमांक मिळतो. डेपोत साठा होतो, ईएमईचे मेकॅनिक तिच्यावर शिकतात, ड्रायव्हरला तिची रोजची देखभाल घोटून घ्यावी लागते. फिरोजपूरला शिकलेला जवान तेजपूरला गेला तरी तोच पाना, तोच नट. दहा-पंधरा वर्षांनी तो पेन्शनीत जातो. हातात कला असते आणि गाव कुठेही असतं, रोहतक, सातारा नाहीतर कोट्टायम. तिकडे सैन्याच्या निकामी गाड्या लिलावात निघतात आणि दिल्लीच्या करोल बागेसारख्या बाजारांतून देशभर पसरतात. गाडी आणि ती उघडू शकणारा माणूस, दोघेही एकाच मार्गाने नागरी आयुष्यात आले. लांब पल्ल्याच्या गाडीचा खरा नकाशा हा असा तयार झाला. माझ्या मते बुलेट टिकली ती या माणसांच्या जोरावर.

अर्थात, गाडीही तशीच हवी. बुलेटचा सिलिंडर ७० मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. लांब धाव म्हणजे इंजिन फार वेगाने फिरणार नाही, पण कमी फेऱ्यांत भरपूर ओढ देणार. नोव्हेंबर २०१७ मध्ये बंगळूरजवळ येलहंकाच्या हवाई तळावर एएससीच्या 'टॉर्नेडोज'नी एका ५०० सीसी एनफिल्डवर ५८ जवान चालवून दाखवले, ते याच ओढीच्या बळावर. जुन्या गाडीत इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, एकाला हात लावायला दुसरं उघडावं लागत नाही. टॅपेट बसवायला उजव्या बाजूचं झाकण काढा. थंड इंजिनावर पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये, की झालं. पॉइंटची फट पंधरा थाउ, फीलर गेज नसला तर जुन्या फिटरचा अंदाजही चाले. किक मारायचाही एक विधी होता. किक हळू दाबत न्यायची, अँमीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचं, डिकॉम्प्रेसरची कळ ओढून पिस्टन जरा पुढे सरकवायचा, मग कळ सोडून एक दमदार किक. घाई करणाऱ्याच्या घोट्याला ती लगेच उत्तर देई. गिअर उजव्या पायात, पहिला वर, बाकीचे तीन खाली. तेल गळणं हा तर तिचा स्वभावच.

तिला प्रतिस्पर्धी नव्हते असं नाही. म्हैसूरला इराणी कुटुंबाच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाची जावा बनवली, तीच पुढे १९७३ पासून येझदी झाली. टू-स्ट्रोक, एक सिलिंडर पण दोन सायलेन्सर, किक आणि गिअरचा दांडा एकच. हलकी, चपळ, तक्रार न करणारी. पेट्रोलमध्ये तेल नीट मिसळा आणि सायलेन्सरमधला कार्बन वेळेवर काढा, एवढीच तिची मागणी.

खरी स्पोर्ट्स गाडी आली १९८३ मध्ये. एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० इथे 'राजदूत ३५०' म्हणून आणली. आकडे शेजारी ठेवून बघा. दोन्ही साडेतीनशेच्या. बुलेटची ताकद १८ अश्वशक्तीच्या आसपास, राजदूतची पहिल्या मॉडेलमध्ये ३०.५. बुलेटला चार गिअर, हिला सहा. तिच्या मागे बुलेट लावली तर धूरच दिसायचा. पण दोन सिलिंडर म्हणजे दोन कार्ब्युरेटर आणि पॉइंटचे दोन जोड, आणि दोन्ही बाजू एका सुरात ठेवाव्या लागत. तो सूर लावणारे हात मोठ्या शहरांत होते, तालुक्याला नव्हते. शिवाय 'अ‍ॅव्हरेज किती?' हा आपला राष्ट्रीय प्रश्न, त्याचं उत्तर ती ऐकवत नसे. दशक संपता संपता तिचं उत्पादन थांबलं. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखानाही बंद पडला. जावा आणि आरडी दोन्ही आज जिवापाड जपल्या जातात, पण त्यांना सैन्यासारखा पाठीराखा नव्हता.

रेडिचचं काय झालं? तो कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, इंग्लंडमधलं उरलेलं उत्पादनही १९७० मध्ये संपलं. १९७७ मध्ये मद्रासची बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. जिथे जन्मली तिथे संपली, जिथे वापरली गेली तिथे उरली.

या गाड्यांची कसोटी लागते लडाखमध्ये. मनाली-लेह रस्ता १९८९ मध्ये नागरी वाहनांना खुला झाला आणि सैन्याची वाट हौशी स्वारांचीही झाली. खारदुंग-ला वर वर्षानुवर्षं १८,३८० फुटांची पाटी होती, प्रत्यक्षातली उंची सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो पेट्रोल सोडत राहतो, हवा कमी पडते, प्लग काळा होतो आणि गाडी धापा टाकते. उपाय म्हणजे मेन जेट एक नंबर लहान घालणं, एअर स्क्रू जुळवणं, फिल्टर साफ ठेवणं. बुलेटवर हे काम एकदा, राजदूतवर दोनदा, आणि बोटं थंडीने वाकडी झालेली असताना हा फरक मोठा असतो.

आता चित्र बदललं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला. फ्युएल इंजेक्शनचा सेन्सर हवेचा दाब मोजतो आणि पेट्रोल तेवढंच सोडतो. हिमालयन, डॉमिनार, चाकणला बनणाऱ्या केटीएम, एनफिल्डची ६५० ट्विन: वेग, ब्रेक, आराम, विश्वास, सगळ्यांत या गाड्या जुन्या बुलेटच्या कितीतरी पुढे आहेत. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांत मी नाही. एबीएसने वाचवलेला एक जवान माझ्यासाठी शंभर आठवणींहून मोलाचा आहे. पण एक गोष्ट गेली. बॅटरी पूर्ण उतरली की पेट्रोलचा पंप चालत नाही, मग ढकलूनही ही गाडी बहुधा सुरू होत नाही. बिघाड शोधायला पाना पुरत नाही, स्कॅनर लागतो. जो नकाशा सैन्याच्या मेकॅनिकांनी अर्ध्या शतकात गावोगाव काढला, तो आता जिल्ह्याच्या शोरूमपुरता आकसला आहे.

म्हणून कोणती घेऊ विचारणाऱ्याला मी अश्वशक्ती शेवटी बघायला सांगतो. आधी बघा, तुमच्या वाटेवरचं शेवटचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे, आणि त्यापुढे तुमच्या हाताला काय येतं. मग घ्या ती गाडी आणि लावा तिला सैन्याची शिस्त. सकाळी फर्स्ट परेड: टायरची हवा, ऑइल, चेनचा ढिलेपणा, ब्रेक, दिवे, बॅटरीचे टर्मिनल. प्रत्येक हॉल्टला हाताने चाचपणी: हब तापलाय का, बोल्ट सुटलाय का, गळतंय का. संध्याकाळी लास्ट परेड, थकवा कितीही असो. दर पाचशे किलोमीटरला चेन साफ करून तेल, दर दोन वर्षांनी ब्रेक फ्लुइड. सोबत क्लच केबल, फ्यूज, पंक्चरचं सामान. आणि घरी, आपल्या अंगणात, एकदा तरी मागचं चाक स्वतः काढून बसवा.

आणि तुमच्या गावी ईएमईचा एखादा जुना मेकॅनिक अजून गॅरेज उघडत असेल, तर मुलाला सुट्टीत महिनाभर त्याच्याकडे पाठवा. त्या हातांना जे येतं ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये पूर्ण लिहिलेलं नाही, आणि ते हात आता फार उरलेले नाहीत.

जय हिंद.