अळीची साक्ष

कुळाचा निर्णय प्रौढ रूपावरून करावा कीं बाल्यावरून, हा प्रश्न कीटकशास्त्रापुढें मायक्रोमाल्थस नांवाच्या अमेरिकन भुंगेऱ्यानें उभा केला. कुजक्या लाकडांत राहणाऱ्या या चिमुकल्या प्राण्याचें वर्णन जॉन लकॉन्ट यांनीं १८७८ सालीं केलें. प्रौढ रूप पाहून त्यास लाकूड पोखरणाऱ्या लायमेक्सिलिडी कुळांत बसविण्यांत आलें. १९१३ सालीं हर्बर्ट बार्बर यांनीं दाखविलें कीं, त्याच्या अळ्या भुंगेरा न होतांच प्रजा प्रसवतात. आणि त्यांनीं त्याचें कुळ स्वतंत्र मानिलें. तरी या कुळाचे सोयरे कोण, हा वाद पुढें कित्येक वर्षें चालला.

त्यांत मोठी साक्ष दिली ती नवजात अळीनें. तिच्या पायांत पोटरी व पाऊल हे भाग निराळे असून टोंकाशीं दोन नख्या असतात. भुंगेऱ्यांच्या सर्वांत मोठ्या, पॉलिफॅगा या उपगणांतील अळ्यांत हे भाग सामान्यतः एकजीव झालेले असून नखी एकच असते. आज हें कुळ आर्कोस्टेमाटा या अतिप्राचीन उपगणांत गणिलें जातें. पहिली कात टाकतांच मात्र ही अळी पाय गमावते, आणि तो पुरावाही नाहींसा होतो. वंशाचा इतिहास लिहिणारानें आयुष्याचा कोणताही टप्पा क्षुद्र लेखूं नये, असें आम्हांस वाटतें.